पंच मैदानात उतरण्याआधी : नागपूरच्या ऊन-मातीत नीटनेटकं राहण्याची तयारी

कबड्डीच्या नियमांत खेळाडूंची नखं बारीक कापलेली असावीत, अंगावर दागिना नसावा, अंगाला तेल किंवा तसलं काही चोपडलेलं नसावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. सामन्याआधी पंच खेळाडूंना रांगेत उभं करून हात उलटसुलट पाहतात ते यासाठीच. वीसेक वर्षांपूर्वी एका शालेय स्पर्धेत मी अशीच मुलींची नखं तपासत होते. एकीला म्हटलं, "आधी नखं काप, मग आत ये." तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचे त नखं माह्यापेक्षा मोठे आहेत."

आदल्याच दिवशी चुलत बहिणीचं लग्न झालं होतं. माझी नखं वाढलेली, त्यांवर लाल रंग, हातात बांगड्या. त्या मुलीने नखं कापली, सामना झाला, माझे निर्णयही नियमाला धरून होते. तरी दर चढाईनंतर तिच्या संघाच्या बाजूने माझ्या हातांकडे बोट दाखवून कुजबुज चालली होती. मी त्यांच्याकडून जे मागत होते ते स्वतः पाळलेलं नव्हतं, आणि हे त्या लहान मुलींना सामना सुरू व्हायच्या आधीच दिसलं होतं.

तेव्हापासून नवीन पंचांना शिकवायला बसले की नियमपुस्तक उघडण्याआधी मी सगळ्यांना हात टेबलावर ठेवायला सांगते. खाली लिहिलंय ते बहुतेक तिथे आणि मैदानांवर शिकलेलं आहे. शाळा-कॉलेज, तालुका, जिल्हा पातळीवर पंचगिरी करणाऱ्या भाऊ-ताईंसाठी ते लिहिते आहे. मोठ्या स्पर्धांत आयोजक गणवेश हातात देतात. आपल्याकडे तो आपणच शिवायचा, धुवायचा आणि सांभाळायचा असतो, तोही तुटपुंज्या मानधनात.

पहिलं काम : आपल्या खेळाचा पोशाखाचा नियम वाचा

बरेच पंच खेळाचे नियम पाठ करतात आणि स्वतःबद्दलची दोन वाक्यं वाचायची राहून जातात. फुटबॉलच्या नियमावलीत पाचवा नियम रेफरीचा आहे. शिट्टी, घड्याळ, लाल-पिवळी कार्डं आणि नोंदवही ही त्याची साधनं. दागिने घालायला त्याला मनाई आहे. चौथ्या नियमाप्रमाणे दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून तर वेगळे हवेतच, पंचांपासूनही वेगळे दिसायला हवेत. त्यामुळे फुटबॉलच्या पंचाच्या पिशवीत दोन रंगांचे शर्ट लागतातच. काळ्या शर्टावर भागेल असं धरून कामठीला गेलात आणि समोरचा संघ गडद निळ्या जर्सीत उतरला, तर धावपळीत चेंडू तुमच्याच पायात यायचा. आदल्या दिवशी आयोजकांना फोन करून दोन्ही संघांचे रंग विचारून घ्या.

बास्केटबॉलमध्ये आंतरराष्ट्रीय नियमाने रेफरीचा शर्ट, लांब काळी पँट, काळे मोजे आणि काळे बास्केटबॉलचे बूट असा पोशाख ठरलेला आहे. मोजेसुद्धा नियमात लिहिलेत, हे ऐकून शिवाजीनगर, धरमपेठेत वर्षानुवर्षं खेळलेली मुलंही चकित होतात. खेळताना त्यांनी कधी पंचाच्या पायांकडे पाहिलेलं नसतं.

क्रिकेटचा मुद्दा मला सगळ्यांत आवडतो, कारण तिथे पोशाखाचा संबंध थेट फलंदाजाच्या नजरेशी आहे. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटतो तेव्हा त्याच्या मागच्या दृश्यात पंच उभा असतो. लाल चेंडूच्या सामन्यात पंचाचा पांढरा कोट किंवा फिका शर्ट चालतो, कारण लाल रंग त्यावर उठून दिसतो. पांढऱ्या चेंडूच्या सामन्यात तोच पांढरा शर्ट घातलात तर चेंडू त्यात हरवेल. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांना पंच हमखास पांढरा शर्ट घालून येतात. हिरवट-पिवळ्या चेंडूसाठी गडद निळा किंवा काळा बरा. मनगटावर चकाकणारं स्टीलचं घड्याळ असेल तर काळ्या रबरी पट्ट्याचं घ्या. उन्हात त्याची तिरीप फलंदाजाच्या डोळ्यांवर जाते.

कुस्तीत रेफरीच्या एका मनगटावर लाल आणि दुसऱ्यावर निळी पट्टी असते, आणि ज्या मल्लाला गुण त्याच्या रंगाचा हात वर जातो. घाम आणि मातीने दोन्ही पट्ट्या सारख्याच काळपट झाल्या की गुणलेखकाची गफलत होते. पट्ट्यांचा एक जादा जोड जवळ ठेवा.

आठवडाभर आधी : कपडे अंगावर घालून तपासा

शर्ट हँगरवर चांगला दिसतो आणि मैदानात दगा देतो. म्हणून नवा असो की जुना, गणवेश घालून आरशासमोर पुढच्या गोष्टी करून पाहा.

दोन्ही हात पूर्ण वर करा. शर्ट पँटमधून बाहेर येतो का? बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, क्रिकेट, सगळीकडे हात डोक्यावर नेऊनच खुणा करायच्या असतात. खोचलेला शर्ट कमरेखाली वीतभर तरी उतरला पाहिजे. मग उकिडवे बसा. कबड्डीत बोनस रेषेवरचा पाय पाहायला वाकावं लागतं, खो-खोतही तेच. बसताना शिवण ताणली जात असेल तर शिंप्याकडून आसनात जादा कापडाची पट्टी घालून घ्या. आता जागच्या जागी धावा आणि खिशांकडे लक्ष द्या. मोबाइल, गाडीची किल्ली, पाकीट यांनी फुगलेले खिसे पंचाला बाजारातून आल्यासारखं दाखवतात. मैदानात खिशात फक्त सामन्याच्या वस्तू हव्यात. फुटबॉलमध्ये लाल आणि पिवळं कार्ड वेगवेगळ्या खिशांत ठेवा, म्हणजे भर गोंधळात चाचपडत बसावं लागणार नाही.

व्हॉलीबॉलच्या पहिल्या पंचाने एक जादा गोष्ट करावी. एका स्टुलावर उभं राहून घरातल्या कोणाला तरी समोर उभं करावं. त्या माणसाला सगळ्यांत आधी काय दिसतं? तुमचे बूट, मोजे आणि पँटची किनार. स्टँडवर चढल्यावर दोन्ही संघांना पूर्ण सामनाभर तेच दिसणार आहे.

पँटसाठी तयार माल घेण्यापेक्षा गांधीबाग-इतवारीतून पँटपीस घेऊन शिवून घेणं मला परवडतं आणि बसतंही नीट. काळा रंग घेताना दुकानाच्या दिव्यात न पाहता दारात, उजेडात येऊन पाहा. ट्यूबलाइटखाली काळा वाटणारा कापडाचा तुकडा उन्हात कित्येकदा गर्द निळा निघतो. तिघे पंच तीन वेगवेगळ्या काळ्यांत उभे राहिले की लांबूनही कळतं.

शर्टाचा विचार नागपूरच्या हवेप्रमाणे करावा. इथला उन्हाळा कोरडा आहे, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घाम येतो आणि लगेच वाळतो, मागे राहतात मिठाच्या पांढऱ्या रेघा. काळ्या शर्टावर त्या पाठीवर नकाशासारख्या उमटतात. सुती शर्ट घाम धरून ठेवतो आणि जड होतो. आता बहुतेक जण वापरतात तो जाळीदार पॉलिस्टरचा शर्ट लवकर वाळतो, पण त्यात वास अडकून बसतो. यावर उपाय सोपा आहे. धुण्याआधी बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून शर्ट अर्धा तास भिजवा, मग नेहमीच्या साबणाने धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव या कापडाला लावू नका. त्याचा थर बसतो आणि घाम शोषून बाहेर टाकायचं कापडाचं कामच थांबतं. बोअरचं जड पाणी असेल तर साबण नीट निघत नाही, एकदा जास्त खळबळून घ्या. इस्त्रीवाल्याकडे देत असाल तर "पॉलिस्टर आहे, हलकी इस्त्री" असं स्पष्ट सांगा. तापलेल्या इस्त्रीने एकदा चकाकी आली की ती जात नाही.

एका दिवशी दोन सामने असतील तर दोन शर्ट लागतील. यात काटकसर करू नका. जानेवारीत खासदार क्रीडा महोत्सवासारख्या स्पर्धा शहरभरच्या मैदानांवर चालू असतात, तेव्हा सकाळी एका मैदानावर आणि दुपारी दुसऱ्यावर जाणारे पंच मी पाहते. त्याच घामेजल्या शर्टात दुसऱ्या सामन्याला उभ्या राहणाऱ्या पंचाकडे कर्णधार थकलेला माणूस म्हणूनच पाहतात.

बूट आणि काळी माती

पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला अशी चिकटते की चार पावलांत बुटाचं वजन दुप्पट होतं. ओली असताना ती पुसायला गेलात तर शिवणीत आणि जाळीत आणखी आत शिरते. बूट एका कोपऱ्यात ठेवा, माती पूर्ण वाळू द्या, मग दोन बूट एकमेकांवर आपटून ढेकळं पाडा आणि कोरड्या ब्रशने घासा. त्यानंतर ओलं फडकं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले तर तळव्याचा गोंद सुटतो, आणि ऐन सामन्यात तळवा फडफडायला लागतो.

मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा कुठल्याही लाकडी फरशीच्या सभागृहात काम असेल तर डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट वेगळे हवेत. ते रस्त्यावर घालायचे नाहीत. पिशवीतून न्यायचे आणि दारात बदलायचे. कबड्डीच्या मॅटवरही बाहेरची धूळ घेऊन चढू नका, मुलं त्यावर तोंडघशी पडत असतात. नाड्यांची टोकं बुटात खोचा. मोजे घोट्याच्या वर, न घसरणारे. सैल झालेले मोजे घरात वापरायला काढा.

केस, दाढी, नखं

दाढी ठेवावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझा आग्रह एवढाच, की ठेवली असेल तर ती ठेवलेली दिसावी. कुस्तीत मल्लाने एक तर गुळगुळीत दाढी करून यावं किंवा कित्येक महिन्यांची भरलेली दाढी ठेवावी असा नियम आहे, कारण खुरटे केस समोरच्याच्या कातडीला घासतात. पंचांनी स्वतःसाठीही हेच माप लावावं. मानेवरची आणि गालावरची रेघ सामन्याच्या आदल्या संध्याकाळी साफ करा. सकाळी घाईत वस्तरा फिरवला की मान लाल होते, आणि तिथे घाम आणि कॉलर घासली की दिवसभर आग होते.

केस कानांवर आणि डोळ्यांवर येऊ नयेत. डोक्याला तेल लावायची सवय असेल तर आदल्या रात्री लावून सकाळी धुवा. उन्हात ते कपाळावरून डोळ्यांत उतरतं.

नखांबद्दल सुरुवातीला सांगितलंच. बोटाच्या टोकाच्या पुढे नख दिसू नये.

ताई, आपल्यासाठी जरा सविस्तर

पंचांच्या पोशाखावरच्या सूचना पुरुष समोर धरून लिहिलेल्या असतात. शर्ट, पँट, दाढी, बूट, झालं. आपले प्रश्न त्यात येतच नाहीत. म्हणून इथे थांबून लिहिते.

डोरल्याचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. मंगळसूत्र काढायला मन धजत नाही, घरी विचारतात, सासू काय म्हणेल ही धास्ती असते. पण धावताना ते उसळून तोंडावर येतं, शिट्टीच्या दोरीत गुंततं, आणि आपण खेळाडूला साखळी काढायला लावत असतो. जिथे नियमात दागिन्याला मनाई आहे तिथे दुसरा मार्गच नाही, काढावं. मी एक छोटी चेनची कापडी पिशवी शिवून घेतली आहे. घरून निघतानाच मंगळसूत्र, बांगड्या, कानातले त्यात जातात आणि पिशवी कपाटात राहते. मैदानावर काढून पर्समध्ये ठेवू नका. चेंजिंग रूम नसते, पर्स कोणाकडे तरी सोपवावी लागते आणि सगळं लक्ष तिकडे राहतं. घरी मी एकदाच समजावून सांगितलं, की डॉक्टर ऑपरेशनला जाताना दागिने काढून ठेवतात तसंच हे आहे. माझ्या सासूबाईंना ते पटलं. आता स्पर्धेच्या सकाळी त्याच ती पिशवी पुढे करतात.

नाकातली चमकी घट्ट बसली असेल आणि निघतच नसेल तर मुख्य पंचांना आधी सांगा. जोडवी बुटात बोटाला काचतात. दिवसभर धावायचं असेल तर तीही काढा, नाहीतर संध्याकाळी बोट सुजतं आणि जोडवं कापायची वेळ येते.

केस लांब असतील तर घट्ट वेणी घालून तिचा अंबाडा, वर जाळी. मोकळी वेणी झटक्यात वळल्यावर शेजारच्याच्या डोळ्यांत जाते. धातूच्या टोकदार पिना टाळा, काळे रबर आणि कापडी बँड वापरा. गजरा, फुलं आयोजकांनी दिली तर सत्कारापुरती माळा, सामन्याआधी काढा. टिकली हवी असेल तर छोटी, घट्ट चिकटणारी. कुंकू उन्हात घामाबरोबर नाकावर उतरतं. लग्नसराईत हातभर मेंदी असेल तर काळजी करू नका, मेंदीने कोणाचं नुकसान होत नाही.

पांढऱ्या किंवा फिक्या शर्टाखाली आतले कपडे कातडीच्या रंगाचे घाला. पांढऱ्याखाली पांढरं उलट उठून दिसतं, घामाने शर्ट चिकटल्यावर तर जास्तच. चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा हा चैनीचा खर्च नाही, गणवेशाचाच भाग आहे. पाळीच्या दिवसांत काळी पँट असली तरी जादा पँट पिशवीत ठेवा आणि मैदानावर स्वच्छतागृह कुठे आहे, ते उघडं आहे का, हे पोहोचल्याबरोबर स्वतः पाहून या.

डोकं झाकणाऱ्या मुलींनी या कामापासून लांब राहू नये. फुटबॉलमध्ये २०१४ पासून आणि बास्केटबॉलमध्ये २०१७ पासून खेळाडूंना डोकं झाकायला नियमाने परवानगी आहे. फुटबॉलच्या नियमात त्याचं माप दिलेलं आहे: रंग काळा किंवा शर्टाच्या मुख्य रंगाचा, शर्टाला न जोडलेलं, धोका होईल असं काही किंवा बाहेर आलेलं टोक नसलेलं. पंचांनीही हेच माप धरावं. कान झाकले जात असतील तर शिट्टी आणि टेबलावरची हाक ऐकू येते ना, हे सरावात पाहून घ्या.

कपाळ, मनगट, गळा

इथे स्वच्छतेपेक्षा निष्पक्षपणाचा प्रश्न मोठा आहे. आपल्याकडे बहुतेक स्पर्धा कोणा नेत्याच्या, मंडळाच्या किंवा जयंतीच्या निमित्ताने होतात. उद्घाटनाला पंचांच्या गळ्यात दुपट्टा पडतो, कपाळाला टिळा लागतो, कधी गुलालही उडतो. सत्कार नम्रपणे स्वीकारा आणि पहिल्या शिट्टीआधी दुपट्टा काढून घडी करून पिशवीत ठेवा, तोंड धुवा. त्या रंगाचा संघ समोर असेल आणि शेवटच्या मिनिटात निर्णय त्यांच्या बाजूने गेला, तर हरलेल्या संघाला फक्त तो दुपट्टा आठवेल.

मनगटावरचा श्रद्धेचा दोरा काढणं ज्यांना जमत नाही त्यांनी त्यावर काळा किंवा पांढरा घामपट्टा चढवावा. कडं मात्र काढाच, ते लागतं. क्लबचं नाव असलेली टोपी, जुन्या संघाची जर्सी आतून घालणं, गोंदवलेलं मंडळाचं चिन्ह उघडं ठेवणं, हे सगळं टाळा. बाकी गोंदणाला माझी हरकत नाही.

खर्रा

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण कित्येक चांगले पंच याच गोष्टीने खाली आलेले मी पाहिलेत. पानठेल्यावरून घोटलेला खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, गालात धरून पंच मैदानात येतो. शिट्टी वाजवायला तोंड मोकळं हवं, म्हणून बाजूला थुंकतो. लाल दात, पिवळी बोटं, आणि समोर शाळेतली मुलं. शिक्षक म्हणून आपण ज्यांना तंबाखू सोडा म्हणतो तीच ही मुलं.

सोडता येत असेल तर सोडा. लगेच सोडता येत नसेल तर सामन्याच्या दिवशी घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत एकही नको. त्या दिवसापुरतं खिशात भाजलेली बडीशेप ठेवा, दर तासाला चूळ भरा. दातांवरचे डाग घासून जात नाहीत. दंतवैद्याकडून वर्षातून एकदा साफ करून घ्या.

सामन्याचा दिवस, तासाच्या हिशेबाने

आदल्या रात्री पिशवी भरून दाराशी ठेवा: दोन शर्ट, जादा मोजे, छोटा टॉवेल, कंगवा, नेलकटर, सुईदोरा, दोन सेफ्टी पिना, जादा नाडी, सनस्क्रीन, दुसरी शिट्टी. नेलकटर तुमच्यासाठी आणि खेळाडूंसाठी. कबड्डीच्या प्रत्येक स्पर्धेत तो कोणीतरी मागतोच.

सकाळी अंघोळीनंतर काखेत घाम रोखणारं साधं डिओडरंट लावा आणि ते वाळल्यावरच शर्ट घाला. भपकेदार अत्तर नको. बंद सभागृहात ते दुसऱ्यांना त्रासदायक होतं, आणि घामात मिसळलं की तुम्हालाही. मांड्या आणि काखा घासत असतील तर पेट्रोलियम जेली थोडी लावा.

नाश्त्याला गणवेशात बसू नका. आपल्या तर्री-पोह्यांची तर्री शर्टावर सांडली की तो पिवळा-लाल डाग दिवसभर मिरवावा लागतो. घरातून जुन्या टी-शर्टवर निघा, तर्री-पोहे, चहा जे काय असेल ते त्यावरच उरका, चूळ भरा आणि मैदानावर पोहोचून गणवेश घाला. गाडीवर तोंडाला दुपट्टा बांधणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा: धूळ जुन्या कपड्यांवर बसते.

सामन्याच्या तासभर आधी पोहोचा. तोंड, मान, हात धुवा. सनस्क्रीन ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं, उन्हात उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, कान आणि मानेच्या मागच्या बाजूलाही. दर दोन तासांनी पुन्हा. पांढरा थर राहील असं थापू नका. क्रिकेटच्या पंचाने ते लावल्यावर तळहात आणि बोटं साबणाने धुवावीत किंवा कोरड्या फडक्याने नीट पुसावीत, कारण चेंडू दर थोड्या वेळाने त्याच्या हातात येतो. खेळाडूने चेंडूला काही लावलं तर आपण दंड करतो, तेव्हा आपले हात तुपट असून कसं चालेल?

रुंद काठाची टोपी घाला. काळा चष्मा डोळ्यांसाठी चांगला, पण कर्णधाराशी बोलताना तो काढा. माणसाला समोरच्याचे डोळे दिसले की तो निम्मा शांत होतो. नंबरचा चष्मा असेल तर मागून पट्टी बांधा आणि घामाचे वाळलेले डाग विश्रांतीत पाण्याने धुवा. कोरडं पुसलं की काचेवर चरे पडतात.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी चांगलीच असते. स्वेटर घातला तर तो सगळ्या पंचांचा एका रंगाचा असावा. घरातली रंगीत शाल, माकडटोपी बाकावरच राहू द्या.

नाणेफेकीला जाण्याआधी दोघा-तिघा पंचांनी एकमेकांसमोर उभं राहून एकदा वरपासून खालपर्यंत पाहावं: कॉलर, बटणं, खोचलेला शर्ट, पट्टा, नाड्या. आरसा नसतो तिथे सहकारीच आरसा. काही खटकलं तर बाजूला घेऊन हळू सांगा, "भाऊ, कॉलर मागून वर झाली आहे." खेळाडूंसमोर कोणाला टोकू नका, विशेषतः नव्या पंचाला. एकदा चारचौघांत ऐकून घेतलेलं पोरगं पुढच्या स्पर्धेला येत नाही, आणि आपल्याकडे पंच आधीच कमी आहेत.

विश्रांतीत तोंड धुवा, शर्ट पुन्हा खोचा, ओले मोजे बदला. समोसा खाल्ला असेल तर हात साबणाने धुवूनच गुणपत्रक हातात घ्या. तेलकट बोटांचे ठसे त्यावर कायमचे राहतात, आणि वाद झाला की तोच कागद वरपर्यंत जातो.

घरी आल्यावर

शिट्टी आधी. दिवसभर तोंडात आणि धुळीत राहिलेली वस्तू तशीच पिशवीत गेली तर दुसऱ्या दिवशी तोंडाजवळ नेववत नाही. मणी नसलेली प्लॅस्टिकची शिट्टी घेतलीत तर धुणं सोपं जातं. कॅनडाचे बास्केटबॉल रेफरी रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी आणलेली तशी शिट्टी १९८७ पासून बाजारात आहे, मणी अडकून शिट्टी न वाजण्याचा त्रास त्यांनी स्वतः भोगला होता. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवा, फुंकून पाणी काढा, उघड्यावर वाळू द्या. दोरीही धुवा, मानेवर घासणारी तीच असते. शिट्टी दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नका.

शर्ट पिशवीत गोळा करून ठेवू नका. लगेच धुणं जमलं नाही तर निदान साध्या पाण्यातून काढून घाम घालवा. मग उलटा करून सावलीत, वाऱ्यावर वाळत घाला. मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर तो अर्ध्या तासात वाळेल खरा, पण दोन महिन्यांत काळ्याचा तांबूस होईल.

शेवटी नेलकटर पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात परत ठेवला आहे ना, ते पाहा.